खेळ आणि विचारशक्ती

व्हिडिओ गेमचे नाव निघताच गोमंतकीय पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या अगदीच अनाठायी आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. या खेळांच्या अनावर व्यसनाचा जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या यादीत समावेश केला. परंतु दुसरी बाजूही आहे. माकडांना होणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ उलगडली नव्हती. 'फोल्डइट' या संगणकीय खेळाच्या खेळाडूंनी ती तीन आठवड्यांत उलगडली, हे २०११ साली जगापुढे आले. त्यांनी रचना मांडल्या, चुकलेल्या मोडल्या, एकमेकांच्या युक्त्या सुधारल्या. विचार तो हाच! धावत्या शत्रूला टिपण्याच्या खेळांनी नजर तल्लख होते, असे २००३ मधील संशोधन सांगते. पण तल्लख नजर म्हणजे सखोल विचार नव्हे. तेवढ्याने गणिताचे अडलेले उदाहरण सुटत नाही. म्हणूनच सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक, दोन्ही आम्हांला अमान्य आहेत. पालकांनी मुलाशेजारी बसून खेळ पाहावा आणि हा डाव कसा सोडविलास, असे विचारावे. त्याला उत्तर सुचले, तर बुद्धी खेळत आहे. न सुचले, तर केवळ बोटे. अशा वेळी खेळ आवरता घेणेच श्रेयस्कर.