पोटात दुखतंय, बाई!

लहान मुलांच्या मनाबद्दल हल्ली बरंच बोललं जातं. शाळेत समुपदेशक हवा, आनंदाचा तास हवा, वगैरे वगैरे. सगळं मान्य. पण माझं आपलं साधं मत असं, की पहिली-दुसरीतल्या पोराचं मन सांभाळायचं तर आधी त्याचं बोलणं समजणारं कोणीतरी वर्गात हवं. बाकी सगळं नंतर.

आमचं बेटेगावच बघा ना. बोईसर पूर्वेचं गाव. तारापूर एमआयडीसीमुळे या पट्ट्यात कुठून कुठून माणसं आली. एकाच बाकावर घरी वारली बोलणारं पोर, शेजारी भोजपुरीवालं, पलीकडे गुजराती. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. परक्या भाषेत मन मोकळं करणं आपल्याला तरी कुठे जमतं? मग सहा वर्षांचं पोर काय सांगणार? बाप रात्री पिऊन आला, आई गावाला गेली, की ते एवढंच म्हणतं, "पोटात दुखतंय, बाई!" आणि खरंच दुखत असतं हो. ढोंग नसतं ते.

११ जानेवारी २०२०, शनिवारची संध्याकाळ. तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, ८ माणसं गेली. आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला. माझी भाची तेव्हा दुसरीत होती. त्यानंतर किती तरी दिवस दार आपटलं तरी ती दचकायची. घरोघरी मुलांना सांगितलं गेलं, "काही नाही झालं, झोप." तिच्या बाईंनी मात्र पाढे बाजूला ठेवले आणि विचारलं, "आवाज आला तेव्हा तुम्ही कुठे होतात?" ज्याला जसं येईल तसं, ज्या भाषेत येईल त्या भाषेत. अर्धा तास वर्ग नुसता बोलत होता म्हणे. भाची घरी येऊन म्हणाली, "सगळेच घाबरले होते!" मला वाटतं, तिची निम्मी भीती तिथेच गेली.

यात नवीन काहीच नाही. आपल्याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे करून दाखवलंय. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबादच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या पोरांवर चिडल्या नाहीत. शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. आधी पोरांना न्हाऊमाखू घालणं, त्यांच्याशी बोलणं, गाणी, खेळ, अक्षरं मागाहून. आज आपण ज्याला भारदस्त नावं देतो ते हेच नाही का?

आता कोणी म्हणेल, शिक्षकांना वेळ कुठाय? बरोबर आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या कलम १७ ने मारायला आणि मानसिक छळालाही बंदी केली. पण त्याच कायद्याच्या कलम २७ ने जनगणना आणि निवडणुकीची कामं शिक्षकांच्या गळ्यात ठेवली. शिवाय पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं... चाळीस पोरं आणि हातात मोबाइल, बाई कोणाकोणाचं पोट बघणार?

म्हणून मागायचंच असेल तर मी दोनच गोष्टी मागेन. एक, शिक्षकांच्या डोक्यावरची कागदपत्रं कमी करा. दुसरी, रोज हजेरीनंतरची दहा मिनिटं नुसती बोलायला ठेवा, आणि त्या वेळात कोणाच्याही भाषेला हसायचं नाही. याला ना वेगळा निधी लागतो, ना वेगळी खोली.

असो. आपल्या गोतावळ्यात शिक्षक काही कमी नाहीत. ही दहा मिनिटं खरंच निघतील का, हे तुम्हीच सांगा!