आरोग्यचर्चा : कुलवृत्तांतातील कोरे पान

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या घराण्यांनी कुलवृत्तांत मात्र आवडीने जपले. त्यांत गोत्र, मूळ गाव, कुलदैवत सारे असते. कोण कोणत्या व्याधीने गेले, ते पान कोरेच असते.

१८९५ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सांगितले, की घरच्या इतरांप्रमाणे आपणही आतड्याच्या वा गर्भाशयाच्या कर्करोगानेच जाणार. दुर्दैवाने तसेच झाले. वॉर्थिन यांनी १९१३ मध्ये त्या घराण्याची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी हे संशोधन वाढविले. म्हणून या आनुवंशिक दोषास ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात.

पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल होते आणि तीत चुका राहतात. त्या दुरुस्त करणारे जनुकच येथे सदोष असते. आई वा वडील, कोणाकडूनही हा दोष येऊ शकतो. प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा. त्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग काही स्त्रियांना मूल होण्यापूर्वीच गाठतो. गर्भाशय काढणे हा रूढ उपाय. पण त्याबरोबर मातृत्वाची आशाही जाते. रोग अगदी आरंभीचा असेल तर संप्रेरकांचे औषध देतात. या दोषात मात्र ते पुष्कळदा अपुरे पडते.

गंमत अशी, की चुकांनी भरलेल्या या पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीस परक्या वाटतात; केवळ तिला लागलेला लगाम तिला आवरून धरतो. तो लगाम सैल करण्याच्या शोधाबद्दल ॲलिसन व होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशाच दोषाच्या गुदाशयाच्या कर्करोगात, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील पहिल्या १२ रुग्णांच्या गाठी शस्त्रक्रियेवाचून नाहीशा झाल्या. गर्भाशय राखूनही असे साधेल काय? मोजक्या तरुण रुग्णांत गाठ विरल्याच्या नोंदी आहेत. परंतु मोजक्या नोंदी म्हणजे रूढ उपचार नव्हे. औषधाने थायरॉइडसारख्या ग्रंथी बिघडू शकतात, उपचारात व नंतर काही महिने गर्भधारणा टाळावी लागते, रोग उलटण्याची भीतीही राहते. म्हणून निर्णय कर्करोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावा.

पण मार्ग निवडण्यास वेळ हवा, आणि वेळ मिळतो तो आधी कळल्याने. सोयरीक मोडेल या भयाने आजीचे, आत्याचे दुखणे झाकू नये. पाळीखेरीज रक्तस्राव झाल्यास अंगावर काढू नये. भगिनींनो, ते कोरे पान आजच भरा. लेकीसुनांसाठी याहून मोलाचे स्त्रीधन ते कोणते?