भांडण्याआधी बांधायला शिका

मोदक उकडीचा की तळणीचा, यावर आपल्याकडे घराघरांत वाद रंगतो. तैवानमध्ये तो रंगतो झोंगझीवरून. झोंगझी म्हणजे बांबूच्या पानात बांधलेला, खमंग सारण भरलेला चिकट भात. तिथल्या चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी ड्रॅगन बोट सण येतो आणि सोशल मीडियावर उत्तर विरुद्ध दक्षिण अशी मॅच सुरू होते.

उत्तरेत भिजवलेला तांदूळ सोडे, मशरूम आणि सोया सॉस घालून परततात, मग पानात बांधून वाफवतात. दक्षिणेत कच्चाच तांदूळ बांधून तासन्‌तास पाण्यात शिजवतात. ‘तुमची झोंगझी म्हणजे नुसता थ्री-डी तेलभात’ असं दक्षिणवाले चिडवतात, तर उत्तरवाल्यांना त्यांचा भात गिच्च वाटतो.

भांडा की! पण भांडायला फोन पुरतो, झोंगझीला हात लागतात. पानाचा कोन वळायचा, तांदळात डुकराचं मांस आणि खारवलेल्या अंड्याचा बलक दडवायचा, पान दुमडून दोऱ्याने बांधायचं. कच्चा तांदूळ शिजताना फुगतो. फार आवळलं तर मधला दाणा कच्चा राहतो, सैल सोडलं तर पाणी आत शिरतं. नेमकं किती आवळायचं, हे रील बघून हाताला कळत नाही. ते आजीशेजारी बसूनच येतं.

झोंगझी तिथे विकतही मिळते, म्हणून कुणाचं अडत नाही. आणि अडत नाही, म्हणूनच शिकणं राहून जातं. आपल्याकडे मोदकांचंही तेच चाललंय. तेव्हा पुढच्या वादात बाजू जरूर घ्या, पण आधी एका मोदकाला कळ्या पाडून दाखवा!