किती तास वाजवलेस?

विद्यार्थी मित्रांनो, नागपूरला रियाज नवा नाही. वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) लहानपणी इथेच शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकले. आज तुमच्यापैकी एखादा स्पर्धेसाठी पियानो वाजवीत असेल. घरी त्याला विचारतात, "आज किती तास?" हा प्रश्नच मला पटत नाही.

पियानोची पट्टी दाबली की तरफांच्या साखळीने नमदा लावलेली हातोडी उसळते. पण तारेवर आदळण्याआधीच तिचा बोटाशी संबंध तुटतो. मग उरतो फक्त तिचा वेग! स्वर हळू की जोरात, हे त्यावरच ठरते. अशा ८८ पट्ट्यांवर दहा बोटांना नेमका वेग शिकवायचा, तर अवघड जागा संथपणे, कान देऊन घोटावी लागते. थकलेले बोट चूकही तितक्याच इमानाने पाठ करते.

बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरचा एरिक्सन व सहकाऱ्यांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. अठराव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाचा एकट्याने केलेला सराव सरासरी सुमारे ७४०० तास भरला, त्याखालच्या गटाचा ५३००. पालक एवढेच ध्यानात ठेवतात. हेच वादक मध्ये विश्रांती घेत, दुपारी झोपही काढीत, हे मात्र कोणी सांगत नाही.

शिक्षकांनो, स्पर्धा आली म्हणून मुलांची झोप कापू नका. रोज चाळीस मिनिटेच द्या, पण ती कोणत्या चार मात्रांसाठी, हे आधी वहीत लिहून घ्या.