साठ हंगाम, एकही शिट्टी नाही

जॉन गॅग्लियार्डी यांना २००६ साली अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळालं, तेव्हा ते ७९ वर्षांचे होते आणि रोज मैदानावर उभे राहून संघ घडवत होते. एरवी हा मान निवृत्तीनंतरचा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या प्रशिक्षकांना कामावर असतानाही तो देता यावा म्हणून नियम बदलला आणि त्याचा लाभ झालेल्या पहिल्या मोजक्या माणसांत गॅग्लियार्डी होते. प्रशिक्षकासाठी तिथले निकष साधे होते: किमान दहा वर्षं काम, किमान शंभर सामने आणि त्यांत निदान साठ टक्के यश. गॅग्लियार्डी २०१२च्या हंगामानंतर थांबले तेव्हा त्यांच्या नावावर ४८९ विजय, १३८ पराभव आणि ११ बरोबरी होत्या. कॉलेज फुटबॉलमध्ये इतके सामने कुठल्याच प्रशिक्षकानं जिंकलेले नाहीत. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण मला तो एका वेगळ्या गोष्टीचा पुरावा म्हणून मोलाचा वाटतो. पोरांना पिळून काढल्याशिवाय, त्यांची हाडं खिळखिळी केल्याशिवाय संघ कणखर होत नाही, ही क्रीडाजगतातली जुनी समजूत या माणसानं जवळजवळ सत्तर वर्षं रोज खोटी ठरवली.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. हेल्मेट आणि जाड पॅड चढवलेले अकरा-अकरा जण लांबट चेंडूसाठी भिडतात आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला अंगावर झेपावून खाली पाडतात. या पाडण्याला टॅकल म्हणतात. कबड्डीतली पकड पूर्ण वेगात धावताना, डोक्यानं आणि खांद्यानं करावी, तसं काहीसं. साहजिकच अमेरिकेतल्या बहुतेक मैदानांवर सराव म्हणजे टॅकलच टॅकल असे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी १९५४च्या उन्हाळ्यात आपला संघ दुष्काळानं भाजून निघालेल्या जंक्शन गावी नेला आणि दहा दिवस असा राबवला की त्यातली बहुतेक मुलं पळून गेली. त्या शिबिराच्या कथा तिकडे आजही अभिमानानं सांगितल्या जातात.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९५३ला, गॅग्लियार्डी मिनेसोटातल्या कॉलेजव्हिल इथे सेंट जॉन्स विद्यापीठात रुजू झाले होते. बेनेडिक्टाइन साधूंनी स्थापन केलेली ही छोटी संस्था. तिथल्या सरावात मुलं पॅडशिवाय, साध्या कपड्यांत उतरत. चाल सुरू झाली की बचाव करणारा मुलगा धावणाऱ्याची दिशा ओळखून नेमक्या जागी पोहोचायचा आणि तिथेच थांबायचा, त्याला जमिनीवर आपटायचा नाही. पाऊल चुकलं, कोन चुकला, की तीच चाल पुन्हा, आणि बिनचूक होईपर्यंत पुन्हा. शिट्टी नाही, लोखंडी सांगाड्याला धडका देणं नाही, शिक्षा म्हणून पळायला लावणं नाही. सराव दीड तासाच्या आत संपायचा आणि चिलटं फार झाली तर मुलांना सरळ घरी पाठवलं जायचं. संघात यायला तयार असलेल्या कुणालाही वगळलं जात नसे आणि शेवटच्या वर्षाची सगळीच मुलं कप्तान असत. सगळे त्यांना ‘जॉन’ म्हणत.

याचं मूळ फार मागे आहे. १९४३ साली कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावात शाळेच्या संघाचे प्रशिक्षक युद्धावर गेले आणि सोळा वर्षांच्या गॅग्लियार्डींनी, खेळाडू असतानाच, संघ हाती घेतला. मुलांना जे जे नकोसं होतं ते त्यांनी काढून टाकलं. सरावात पाणी पिऊ द्यायचं नाही हा त्या काळचा नियमही त्यात गेला. सोळा वर्षांच्या मुलाला हे कळलं, कारण तहान त्याची स्वतःची होती. मोठ्यांना ते कळायला पुढे कित्येक वर्षं लागली.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सगळं तिसऱ्या श्रेणीच्या, खेळाडूंना शिष्यवृत्ती न देणाऱ्या छोट्या कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये चालून गेलं. आक्षेपात तथ्य आहे. अलाबामा किंवा ओहायो स्टेटसारख्या बड्या संघांशी त्यांची गाठ पडली नाही. पण समोरचे संघही त्याच श्रेणीचे होते, त्यांनाही शिष्यवृत्ती देता येत नव्हती. २००३च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात सेंट जॉन्ससमोर सलग ५५ सामने जिंकून आलेला माउंट युनियनचा संघ होता. सेंट जॉन्सनं तो २४-६ असा हरवला. वर्षभर सरावात एकमेकांना न पाडणाऱ्या पोरांनी देशातल्या त्या श्रेणीच्या सर्वांत बलाढ्य संघाला फक्त सहा गुण करू दिले. १९६३, १९६५, १९७६ आणि २००३ ही चार राष्ट्रीय विजेतेपदं इतक्या दूरदूरच्या दशकांतली आहेत, की एखाद्या गुणी पिढीचा योग म्हणून ती बाजूला सारता येत नाहीत. शेवटची दोन-तीन वर्षं त्यांचा संघ पूर्वीसारखा जिंकत नव्हता हे खरं. पण तेव्हा ते पंचाऐंशीच्या आसपास होते, आणि पद्धत तर तीच होती जिनं आधीची पन्नास वर्षं यश दिलं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ब्रायंटही जिंकलेच की. जंक्शनच्या त्या शिबिरातून टिकलेली मुलं १९५६च्या अपराजित संघात होती. मान्य. पण १९५४च्या हंगामात तोच संघ दहापैकी नऊ सामने हरला होता, हे कथा सांगणारे हळूच गाळतात. आणि जे सोडून गेले त्यांचा हिशोब कुणी मांडतच नाही. त्यांतले किती जण पुढच्या दोन वर्षांत उत्तम खेळाडू झाले असते, हे कळण्याची वाटच त्या शिबिरानं बंद केली. टिकलेल्यांकडे बोट दाखवून छळाला श्रेय द्यायचं, हा तर्क मला कधीच पटलेला नाही.

शिवाय आता वैद्यकीय पुरावा समोर आहे. अमेरिकेतल्या सहा मोठ्या विद्यापीठांच्या ६५८ खेळाडूंवर पाच हंगाम लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. मेंदूला धक्का बसण्याच्या घटनांपैकी ७२ टक्के घटना सामन्यात नव्हे, सरावात घडल्या होत्या. म्हणजे जी इजा खेळाचा अटळ भाग म्हणून सोसली जाते, तिचा मोठा वाटा प्रशिक्षकाच्या हातात असतो. डार्टमथ कॉलेजचे बडी टीव्हन्स यांनी २०१०मध्ये सरावातलं टॅकल बंद केलं आणि २०१५मध्ये त्यांच्या संघानं आयव्ही लीग या आपल्या विद्यापीठ-स्पर्धेचं विजेतेपद विभागून मिळवलं. पुढच्याच वर्षी त्या लीगच्या सगळ्या प्रशिक्षकांनी हंगामातल्या सरावात पूर्ण टॅकल नको असा कौल दिला. व्यावसायिक एनएफएलनंही २०११च्या करारात हंगामभरातले पॅड घालून करायचे सराव चौदावर आणले. गॅग्लियार्डी तिथे अर्धशतकाहून अधिक काळ आधी पोहोचले होते, तेही असा कुठलाही अभ्यास हाताशी नसताना.

म्हणूनच हॉल ऑफ फेमचे निकष मला अपुरे वाटतात. वर्षं, सामने आणि विजयाची टक्केवारी मोजणाऱ्या त्या तराजूत ब्रायंट आणि गॅग्लियार्डी एकाच मापानं तोलले जातात. आपल्याकडचा द्रोणाचार्य पुरस्कारही मुख्यतः शिष्यांच्या पदकांवरच ठरतो. संघात आलेल्या मुलांपैकी शेवटपर्यंत किती खेळली आणि धडधाकट किती बाहेर पडली, हे प्रशिक्षकाच्या कर्तृत्वाचं तितकंच खरं माप आहे, आणि ते मोजणं अवघडही नाही. गॅग्लियार्डी ७ ऑक्टोबर २०१८ रोजी, ९१व्या वर्षी गेले. येत्या उन्हाळ्यात तुमच्या मुलाला किंवा मुलीला एखाद्या क्रीडा शिबिरात घालणार असाल, तर तिथल्या भिंतीवरची पदकं जरूर बघा. पण पैसे भरण्याआधी प्रशिक्षकांना एवढं विचारा, की गेल्या वर्षी किती मुलं मध्येच सोडून गेली आणि का.