डब्यातला वैशाख

ज्यांच्यापुढे या घटकेला चकली-चिवड्याची ताटली आहे, त्यांना मी आंब्याची आठवण का करून देते आहे, असे कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे. परंतु मला आंबा आठवला तो दिवाळीतच, आणि तो काही गोड आठवला नाही.

गेल्या वर्षी भाऊबिजेला मी धाकट्या भावाकडे डोंबिवलीला गेले होते. ओवाळणे झाले, फराळ झाला आणि भावजयीने माझ्यापुढे एक वाटी आणून ठेवली. केशरी रंगाचा शिरा, वर काजूच्या दोन पाकळ्या.

"ताई, तुमच्यासाठी मुद्दाम आंब्याचा शिरा केलाय."

"अगं, कार्तिकात आंबा कुठला?" मी विचारले.

ती हसली. "आता आंबा बारा महिने मिळतो, ताई. डबा फोडायचा की झालं काम!"

मी वाटी संपवली. माहेरचे अन्न टाकवत नाही. शिरा गोड होता, तुपाला कसर नव्हती, रंग तर दृष्ट लागण्याजोगा होता. फक्त आंबा कुठे सापडेना. आणि घास गिळता गिळता डोळ्यांपुढे आले ते सासरचे अंगण. तिथे दर मे महिन्यात रायवळाच्या झाडाखाली रोज सकाळी टोपलीभर आंबा पडतो. आम्ही चारदोन उचलतो, बाकीचा गुरे खातात, उरलेल्यावर माशा बसतात. अन् त्याच मे महिन्यात, आमच्याच गावात, मुंबईचे पाहुणे आले म्हणून हाच डबा फुटलेला मी दोन घरांत या डोळ्यांनी पाहिला आहे. पायरीवर आंबा कुजतो आहे आणि आत डबा उघडणारी सुरी शोधताहेत!

माझे भांडण भावजयीशी नाही. ती सकाळची ७.५२ची गाडी पकडते आणि दिवेलागण उलटून गेल्यावर घरी येते. अशा बाईने सणाच्या गर्दीत नणंदेसाठी काही वेगळे रांधले, हेच पुष्कळ झाले. माझे भांडण आहे ते घरोघर शिरलेल्या दोन समजुतींशी. ताज्या फळाचे गोड करणे म्हणजे फार यातायात, ही एक. आणि रायवळ आंबा पाहुण्यापुढे ठेवण्याच्या लायकीचा नव्हे, ही दुसरी.

यातायातीचा हिशेब आधी मांडते. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेली नाही; परंतु घड्याळ लावून मोजण्याइतके गणित मुलांना रोज शिकवते. गेल्या मे महिन्यात मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत हा शिरा केला.

सकाळी पडलेले आंबे बादलीत पाणी घालून भिजत ठेवलेले होते. मध्यम आकाराचे पाचसहा घेतले. देठ खुडून चिकाचे पहिले थेंब दाबून टाकले, कारण तो चीक रसात गेला तर घसा धरतो. आंबे माचून पिळायचे काम मुलांकडे दिले. कामाला इतक्या आनंदाने हात लावणारी मुले मी वर्गात कधी पाहिली नाहीत. रायवळाला रेषा असतात म्हणून रस चाळणीतून काढला. तो वाटीभर भरला. तेवढ्यात मी इकडे अर्धी वाटी तुपावर एक वाटी रवा मंद आचेवर भाजायला घेतला होता. त्याला आठ मिनिटे लागली. दुसऱ्या शेगडीवर दीड वाटी पाणी उकळत होते. आंब्याच्या कोयी त्याच पाण्यात धुवून घेतल्या तर थोडाही रस वाया जात नाही, परंतु कोयी मुलांच्या हातून काढून घेण्याचे धैर्य ज्यांच्यात असेल त्यांनीच ते करावे. मी केले नाही. पाणी रव्यावर ओतले, चिमूटभर मीठ टाकले, झाकण ठेवून तीन मिनिटे वाफ आणली. रवा फुलल्यावर पाऊण वाटी साखर घातली. साखर आधी घातली तर रवा आक्रसतो आणि दाताखाली कचकचतो. साखर विरून शिरा सैल झाला, पुन्हा आळला, आणि सगळ्यांत शेवटी रस. आच अगदी बारीक, एक वाफ, की भांडे खाली. एकूण सतरा मिनिटे! यात वेलची नाही, केशर नाही. ज्याला स्वतःचा वास आहे त्याला दुसऱ्याचा उसना कशाला?

आता डब्याच्या शिऱ्याला किती मिनिटे लागतात? रवा भाजावाच लागतो, पाणी उकळावेच लागते, वाफ आणावीच लागते. वाचतात ती फक्त आंबे पिळण्याची पाच मिनिटे, आणि ती पाच मिनिटे मुलांची असतात, आपली नव्हेत. त्या पाच मिनिटांसाठी आपण काय देतो, तेही पाहावे. डबा टिकावा म्हणून कारखान्यात तो रस चांगला कढत करावा लागतो. त्याला इलाज नाही, नाहीतर तो आठ दिवसांत फसफसून येईल. परंतु आंब्याचा वास हा उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो. पहिल्या तापवण्यात त्यातला बराच जातो, आणि उरलासुरला आपण घरी शेगडीवर दुसऱ्यांदा घालवतो. म्हणूनच ताजा रसही शेवटी घालायचा, रव्याबरोबर रटरटत ठेवायचा नाही.

भावाच्या घरून निघताना मी तो रिकामा डबा हातात घेऊन वाचला. शिक्षकाला छापील दिसले की वाचल्याशिवाय राहवत नाही. आंब्याचा रस, साखर, सायट्रिक आम्ल. म्हणजे आधी गोड करायचे आणि मग आंबट करायचे! आमच्या अंगणातल्या झाडाला हे दोन्ही उपजत येते. त्याचा रस आंबटगोडच असतो, आणि शिऱ्याच्या तुपाला व साखरेला हवी असते ती हीच आंबट धार. एवढे मात्र लक्षात ठेवावे की अशा आंबट रसाच्या शिऱ्यात दूध घालू नये, ते फाटते. शिरा पाण्यातच करावा.

इथे काही जाणती मंडळी मला अडवतील. आंबा शिजवायचा असतो का, आंबा खावा तो कापून किंवा रस काढून पुरीबरोबर, असे ते म्हणतील. हापूसच्या बाबतीत मी त्यांच्या पायाशी बसायला तयार आहे. चांगल्या हापूसचा शिरा करणे हा मला उधळेपणा वाटतो. परंतु रायवळ कापता येत नाही. तो चोखायचा नाहीतर पिळायचा. आमच्या आजेसासूबाई त्याचे साठ घालीत, कोयाडे करीत, आणि साठाला आठ-आठ दिवस उन्हाची राखण करीत. ते दिवस आता कोणाकडे नाहीत, माझ्याकडेही नाहीत. म्हणून शिरा.

दुसरी मंडळी वडीलधाऱ्या बायकांची. त्यांच्या मते सतरा मिनिटांत होते ते पक्वान्नच नव्हे. पुरण वाटताना खांदे भरून आल्याशिवाय सण झाल्यासारखे त्यांना वाटत नाही. त्यांना मी नम्रपणे सत्यनारायणाची आठवण करून देते. सव्वाच्या मापाने रवा, तूप, साखर, दूध आणि पिकलेले केळे. देवाला जो प्रसाद चालतो तो शिराच आहे, फळ घातलेला आहे, आणि तो पूजा चालू असताना शेगडीवर होतो. देवाने कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही. बाईच्या कष्टांवरून पदार्थाची किंमत ठरवण्याची ही रीत आपणच आपल्या गळ्यात बांधून घेतली, आणि ती जड झाली तेव्हा थेट डबा उघडला. मधली वाट कोणी सांगितलीच नाही.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात या डब्यांचे कारखाने आहेत. मेअखेरीस आंब्याचा भाव उतरतो, पावसाची भीती असते, तेव्हा बागायतदाराचा माल तेच उचलतात. कित्येक बायकांना तिथे हंगामी काम मिळते, त्यांतल्या काहींची मुले माझ्या वर्गात आहेत. डबा बंद पडावा असे मी म्हणणार नाही. जिथे आंबा पोचत नाही तिथे तो जावा. सातासमुद्रापलीकडे बसलेल्या लेकीने तो उघडावा आणि डोळे पुसावेत. परंतु वैशाखात, कोकणात, झाडाखालच्या घरात? शिवाय या कारखान्यांना मुख्यतः हापूस लागतो. रायवळाला तिथे फारसे कोणी विचारीत नाही.

आणि नेमके इथेच माझे दुखणे आहे. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. रायवळ म्हणजे कोयीपासून उगवलेले झाड. त्याचे प्रत्येक झाड वेगळे असते. एकाचा आंबा खोबऱ्यासारखा लागतो, दुसऱ्याला शेपूचा वास येतो, तिसरा बोराएवढा पण साखर. म्हणून घरोघरी झाडांना माणसांसारखी नावे असतात. आमच्या अंगणातला तो शेंदऱ्या. त्याची कोय पेरली तरी शेंदऱ्या उगवत नाही, भलतेच काही उगवते. कलम बांधून ठेवले नाही, तर झाड पडले की ती चव पृथ्वीवरून गेली. मिरवणारा हापूसदेखील रायवळाच्या रोपावरच कलम केलेला असतो. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, फार चांगले झाले. ज्याच्या मुळांवर तो उभा आहे त्याला मात्र करवत मिळते. मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला तेव्हा कडेची केवढाली झाडे गेली, हे त्या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको. अंगणांतली आणि बांधांवरची जातात ती लाकडासाठी, खोक्यांच्या फळ्यांसाठी.

गेल्या पावसाळ्याआधी आमच्याकडेही लाकूडवाला येऊन गेला. शेंदऱ्याच्या बुंध्याला त्याने कवेत घेऊन पाहिले आणि आकडा सांगितला. आकडा वाईट नव्हता. घराची कौले बदलायची आहेत. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, ठेवून काय करायचं? आंबा कोणी खात नाही, नुसता कचरा पडतो." सासूबाई काही बोलल्या नाहीत. मला उत्तर सुचले नाही, कारण दीर बोलले ते खोटे नव्हते. त्याच आठवड्यात मी शिरा केला. दिरांनी दोनदा मागून घेतला आणि कुठून आणलास आंबा, असे विचारले. मी खिडकीतून बोट दाखवले.

लाकूडवाल्याला सध्या एवढेच सांगितले आहे की पाऊस सरू दे, मग बघू. आता पाऊस सरला आहे आणि तो पुन्हा येईल. भावजयीला मी वैशाखात आठ दिवस बोलावले आहे. तिला येताना डबा आणू नकोस असे कळवले आहे. तूप मात्र आण म्हटले आहे, इथे चांगले मिळत नाही.