आधी घर, मग निधी



आल्बर्टात वणव्यांचा हंगाम कायद्याने १ मार्चला सुरू होतो. अंगणात बर्फ साचलेला असताना हे वाचून हसू येते. पण मे २०११ मध्ये स्लेव्ह लेक गावाचा मोठा भाग जळाला आणि त्यानंतर सरकारने ही तारीख महिनाभर अलीकडे घेतली. बर्फ गेलेला, पालवी अजून फुटलेली नाही, असे जे काही आठवडे असतात त्यांत वाळके गवत आणि स्प्रूस भराभर पेटतात. नेमके तेव्हाच आपण बार्बेक्यू बाहेर काढतो.

फोर्ट मॅकमरीही मे महिन्यातच पेटले. ३ मे २०१६ रोजी सुमारे ८८,००० माणसांना घर सोडावे लागले. दक्षिणेकडे यायला मुख्य रस्ता एकच, हायवे ६३. जे उत्तरेला तेलवाळूच्या कामगार वसाहतींकडे गेले, त्यांना पुढे विमानांनी नाहीतर पोलिसांच्या पहाऱ्यात गाड्यांच्या ताफ्याने खाली आणले. सुमारे २,४०० इमारती गेल्या. आग पूर्ण विझल्याचे जाहीर व्हायला पुढच्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला. सह्याद्रीतले वणवे पाहिलेल्यांना हे पटायला जड जाते. तिथे डोंगर काळा पडतो आणि पहिला पाऊस सगळे मिटवतो. इथल्या उत्तरेकडच्या जमिनीत पीटचे थर आहेत, त्यांत विस्तव बर्फाखालीही धुमसत राहतो.

२०२३ साली कॅनडात दीड कोटी हेक्टरांच्या आसपास जंगल जळाले, म्हणजे जवळजवळ अर्धा महाराष्ट्र. आणि जुलै २०२४ मध्ये जास्पर! भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना हमखास नेतो ते जास्पर. गावाच्या सुमारे एकतृतीयांश इमारती जळाल्या. त्याआधी गावातून आणि उद्यानातून मिळून सुमारे २५,००० माणसे सुखरूप बाहेर काढली होती, यालाही दाद द्यायला हवी. ‘हवामानबदल’ म्हणून आपण विषय संपवतो, पण तिथे उष्म्याच्या जोडीला आणखी गोष्टी होत्या. कित्येक दशके प्रत्येक आग विझवत गेल्याने रान दाटले होते आणि पाइन बीटल किड्याने उभी झाडे वाळवली होती. मूळनिवासी लोक जाणूनबुजून लहान आगी लावून रान मोकळे ठेवत. उद्यान झाल्यावर त्यांनाच तिथून हलवले गेले.

आता आपल्याबद्दल. निधी गोळा करायला आपण तत्पर असतो. चेक देतानाचा फोटोही चांगला येतो. पण घर सोडून निघालेल्या कुटुंबाला पहिल्या रात्री चेकचा उपयोग नसतो. सुपर व्हिसावर आलेले सासू-सासरे, त्यांचे इन्सुलिन, तान्हे मूल, आणि समोर क्रीडासंकुलातल्या खाटा. त्या वेळी कोणीतरी ‘सरळ आमच्याकडे या’ म्हणायला हवे, आणि कोणाकडे जायचे हे आधी ठरलेले हवे. व्हॉट्सॲप ग्रुपवर शंभर ‘काळजी घ्या’ येतात, पत्ता एकही येत नाही.

म्हणून या अंकासोबत एक फॉर्म आहे. तुमचे बेसमेंट रिकामे आहे का, जिने चढावे लागतात का, कुत्रा चालेल का (पाहुण्यांचा किंवा तुमचा), एवढेच प्रश्न. स्वयंपाकाबद्दल विचारलेले नाही. त्याची आपल्यात कधीच वानवा नसते.

भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांनो, घरमालकाच्या विम्यात तुमचा लॅपटॉप आणि सामान येत नाही, भाडेकरूचा वेगळा विमा घ्या. स्वतःचे घर असेल तर भिंतीपासून दीड मीटरपर्यंत पेटेल असे काही ठेवू नका. शोभेचे ज्युनिपर आधी काढा, ते फार जोरात पेटते. पासपोर्ट, पीआर कार्ड आणि ओसीआय एका पिशवीत ठेवा.

उन्हाळी सहलीबाबत समितीने ठरवले आहे की हवेच्या आरोग्य निर्देशांकाचा आकडा ७ किंवा त्याहून वर गेला तर सहल रद्द. तिकिटाचे पैसे परत मिळतील. ‘थोडासाच तर धूर आहे’ असा फोन खजिनदारांना करू नये.

– संपादक